बुद्धिबळाचं इंजिन 'स्वतःचं' कधी म्हणावं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बुद्धिबळाचा प्रोग्राम, म्हणजे 'इंजिन', हा प्रोजेक्टचा विषय म्हणून घेणारी मुलं कोल्हापुरात आता नवलाची राहिलेली नाहीत. विषय आकर्षक आहे, खर्च काही नाही, एक लॅपटॉप पुरतो आणि डेमोला परीक्षकांनाच खेळायला बसवता येतं. प्रोग्राम जिंकतो, परीक्षक हसतात, मार्क पडतात. मधे एक प्रश्न ठरलेला असतो, "हे सगळं तुम्हीच लिहिलंय ना?" उत्तरही ठरलेलं, "हो सर." रिपोर्ट आधीच साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पास होऊन आलेला असतो. कोडची फाईल मात्र कुणी उघडत नाही.

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. 'सगळं' स्वतः लिहिलेलं इंजिन जगात नाही, त्यामुळे 'हो सर' म्हणणारा मुलगा बिचारा तिथंच खोटा पडतो, मग तो कितीही प्रामाणिक असो. विचारायला हवं ते असं: कुणाकडून काय घेतलंत, कोणत्या अटीवर घेतलंत आणि उरलेल्यातला एकेक आकडा कुठून आला? याची उत्तरं ज्याला देता येतात त्याचं इंजिन त्याचं. ज्याला देता येत नाहीत त्याचं नाही, मग त्यानं प्रत्येक अक्षर स्वतः टाइप केलेलं असलं तरी.

शिकाऊ माणसाचं साधं इंजिन बघा. चालींचं झाड किती खोल बघायचं आणि टोकाच्या स्थितीला गुण कसे द्यायचे, ही मांडणी क्लॉड शॅनन यांच्या १९५० च्या लेखातली आहे. झाडाच्या निरुपयोगी फांद्या छाटणारी अल्फा-बीटा पद्धत एकापेक्षा अधिक लोकांना वेगवेगळी सुचली होती. तिचं चोख गणित कनूथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये मांडलं. तीच स्थिती दुसऱ्या वाटेनं पुन्हा आली तर ती ओळखायची हॅशिंगची युक्ती अल्बर्ट झोब्रिस्ट यांची, १९७० ची. कोणती चाल आधी तपासावी हे मागच्या शोधातून शिकणारं 'हिस्टरी' तंत्र जोनाथन शेफर यांचं, १९८३ चं. इंजिन आणि पडद्यावरचा पट एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तो यूसीआय प्रोटोकॉल स्टेफान मायर-काहलेन आणि रुडॉल्फ ह्यूबर यांनी २००० मध्ये ठरवला. ही सगळी माणसं वजा केली तर हातात रिकामी मेन फाईल उरते.

काही ठिकाणी तर नक्कल करणं सक्तीचंच आहे. ओपनिंग बुकसाठी, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींच्या साठ्यासाठी, सर्रास वापरला जाणारा 'पॉलिग्लॉट' हा फाईलचा प्रकार बघा. त्यात प्रत्येक स्थितीची किल्ली ७८१ यादृच्छिक आकड्यांतून बनते: १२ प्रकारची मोहरी गुणिले ६४ घरं म्हणजे ७६८, किल्लेकोटाच्या हक्कांचे ४, आँ पासाँच्या (शेजारून दोन घरं पुढं गेलेलं प्यादं जाता जाता मारण्याच्या) उभ्या रांगांचे ८ आणि चाल कुणाची याचा १. हे ७८१ आकडे जसेच्या तसे घेतले नाहीत तर बुक वाचताच येत नाही. साम्य मोजणाऱ्या यंत्राला तिथं ७८१ ओळींची चोरी दिसेल. चाली काढणाऱ्या भागाचंही तेच. सुरुवातीच्या स्थितीतून पाच चाली खोल गेलं की ४८,६५,६०९ हाच आकडा यायला हवा, कोल्हापुरात आला काय आणि ऑस्लोत आला काय. उत्तर सारखं आलं नाही तर तुमचा प्रोग्राम चुकीचा आहे. मौलिकपणा इथं शोधण्यात अर्थ नाही.

तो शोधायचा मूल्यमापनात, म्हणजे स्थितीला गुण देणाऱ्या भागात. प्यादं १००, घोडा ३२०, उंट ३३०, हत्ती ५००, वजीर ९०० हे आकडे तोमाश मिख्निएव्स्की यांच्या नवशिक्यांसाठीच्या कोष्टकातले. मोहरं कोणत्या घरात असेल तर किती गुण वाढवायचे किंवा कमी करायचे याचे ६४-६४ घरांचे तक्तेही त्यात आहेत. दुसरं प्रसिद्ध कोष्टक 'पेस्टो' नावाचं. त्यात मधल्या डावासाठी प्यादं ८२, घोडा ३३७, उंट ३६५, हत्ती ४७७, वजीर १०२५, आणि अंतिम डावासाठी तेच ९४, २८१, २९७, ५१२, ९३६. हे आकडे कुणाच्या मनात आपोआप येत नाहीत. लाखो स्थितींवर गणित चालवून ते निघालेले असतात. एखाद्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये ८२ आणि १०२५ शेजारी शेजारी दिसले तर पुढचा तक्ता कुठला हे जाणकाराला बघावंसुद्धा लागत नाही.

पेस्टो वापरणं गुन्हा नाही. ते लोकांनी वापरावं म्हणूनच मोकळं ठेवलेलं आहे, आणि शोधाचा भाग नीट चालतो का हे तपासायला त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. बिघडतं ते पुढं. रिपोर्टमध्ये 'आम्ही विकसित केलेलं मूल्यमापन' असं प्रकरण येतं आणि त्यात हे तक्ते छापलेले असतात. वजीर १०२५ च का, १००० का नाही, असं विचारलं की गट एकमेकांच्या तोंडाकडं बघतो.

या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण याच प्रश्नावर उभं आहे. फाबिएन लेतूझे या फ्रेंच प्रोग्रामरनं २००५ मध्ये 'फ्रूट २.१' या इंजिनाचा सगळा कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला केला. स्वच्छ, वाचनीय, आणि त्या काळात अतिशय ताकदवान. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वासिक राइलिक यांचं 'रिब्का' आलं आणि एकदम वर गेलं. फ्रूटचा कोड आपण बारकाईनं वाचला आणि त्यातून बरंच घेतलं, हे राइलिक यांनी मुलाखतीत स्वतः सांगितलेलं होतं. २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षं रिब्का संगणक बुद्धिबळाचं जगज्जेतं ठरलं. मधल्या काळात 'स्ट्रेल्का' नावाचं एक रशियन इंजिन आलं. ते रिब्का उकलून बनवलेलं आहे, म्हणून त्याचा कोड आपलाच, असा दावा राइलिक यांनी जानेवारी २००८ मध्ये केला. मग लोकांनी स्ट्रेल्का आणि फ्रूट शेजारी ठेवून बघितले, तर साम्य निघालं आणि दावा राइलिक यांच्यावरच उलटला. बुद्धिबळात अशा चालीला काय म्हणतात ते सांगायला नको.

२०११ मध्ये प्रोग्रामर मंडळींनी पत्र लिहिलं, संगणक बुद्धिबळाच्या आयसीजीए या संघटनेनं चौकशी नेमली आणि जूनमध्ये निकाल दिला: सुरुवातीच्या रिब्कात रॉबर्ट हायट यांच्या 'क्राफ्टी'चा आणि नंतरच्यात फ्रूटचा भाग आहे. किताब काढून घेतले, आजन्म बंदी घातली. राइलिक यांनी आरोप नाकारले. पुढं २०१५ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नीती आयोगानं त्या आजन्म बंदीबद्दल आयसीजीएलाच दोषी धरून ताकीद दिली. शिक्षा बरोबर होती का, हा वाद आजही पेटतो. मला त्यातला पुरावा शिक्षेपेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

त्यातला एक तुकडा अगदी जवळून बघण्यासारखा आहे. फ्रूटमध्ये वेळ सेकंदांत, दशांश अपूर्णांकात मोजला जातो. त्यामुळे दिलेला वेळ तपासताना तुलना '०.०' शी होते. तिथं ते स्वाभाविक आहे. रिब्कात वेळ पूर्णांकात मोजला जातो. तिथं साधं '०' पुरतं, आणि इतर ठिकाणी तेच आहे. पण चाल शोधायची आज्ञा वाचताना एके ठिकाणी पूर्णांकाची तुलना दशांश शून्याशी होते. संगणकाला ते करायला पूर्णांकाचं रूपांतर करावं लागतं, फुकटचं जास्तीचं काम. स्वतःच्या डोक्यानं ती ओळ लिहिणारा माणूस तिथं ०.० लिहिण्याचं कारण नव्हतं. रिब्काच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की एवढ्याशा ओळीवरून काही सिद्ध होत नाही. खरंच, एकट्या तेवढ्यावरून नाही होत, आणि निकालही एकट्या तेवढ्यावर नव्हता. मूल्यमापनातल्या घटकांचं कोष्टक मांडून तुलना केली गेली. पण ०.० हा पुरावा कोणत्या जातीचा आहे ते समजून घ्यायला हवं.

उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत वावरलेल्याला ही जात ठाऊक आहे. गिऱ्हाइकानं आणलेला जुना पार्टच पॅटर्न म्हणून रेतीत दाबला तर ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, साधारण एक टक्का. ३०० मिलिमीटरचा पार्ट ३ मिलिमीटरनं लहान निघतो. ड्रॉइंगवरून पॅटर्न करणारा मिस्त्री ही आकसण आधीच धरून पॅटर्न मोठा करतो. मूळ पार्टवरचा घासल्याचा ओरखडा, वेल्डिंगचा फुगवटा हेही रेतीत उमटतं आणि नव्या पार्टवर येतं. व्हर्नियर लावला की नक्कल कळते. पार्ट बघून, मोजून, त्याचं काम समजून घेऊन नवं ड्रॉइंग करणं आणि पार्टच रेतीत दाबणं या दोन्हींना बाहेरचा माणूस 'नमुन्यावरून केलं' असंच म्हणेल. आतल्याला फरक माहीत असतो. इंजिनातही कामाचे भाग सारखे निघाले तर ते गरजेपोटी असू शकतं. पण बिनकामाचा भाग सारखा निघाला तर त्याला गरजेचं कारण देता येत नाही. म्हणून नक्कल शोधायची तर चुका, वायफळ ओळी आणि विचित्र आकडे बघावेत. हुशारीचा भाग बघून काही हाती लागत नाही, हुशारी सगळ्यांची सारखीच असते.

गंमत म्हणजे त्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेचा नियम मौलिक काम मागत असला तरी उसनवारीला सरसकट बंदी घालत नव्हता. दुसऱ्यानं लिहिलेला खेळाचा कोड वापरला असेल तर मूळ लेखकांची किंवा कोडच्या उगमाची नावं प्रवेशअर्जात द्या, असं त्यात स्वच्छ होतं. मग माणसं नावं का देत नाहीत? श्रेय जाईल ही भीती असतेच, पण खरी अडचण परवान्याची आहे. जीपीएलच्या कोडवर बेतलेलं इंजिन लोकांना द्यायचं तर स्वतःचाही कोड त्याच अटींवर द्यावा लागतो. अट नाव न लिहिताही लागू असतेच, पण एकदा नाव लिहिलं की ती उघड होते आणि बंद डब्यातलं इंजिन विकता येत नाही. म्हणजे लपवण्यामागं अहंकारापेक्षा हिशोब मोठा असतो. हे लक्षात घेतलं नाही तर सगळी चर्चा 'संस्कार' आणि 'नीतिमत्ता' यांवर घसरते, आणि तिथं गेली की संपली.

परवान्याचं ज्ञान आपल्याकडं एकूणच कच्चं आहे. 'जीपीएल म्हणजे फुकट' आणि 'जीपीएल म्हणजे विकायला मनाई', दोन्ही चूक. विकायला मनाई नाही. घेणाऱ्याला परवाना, कोड आणि तेच हक्क मिळाले पाहिजेत, एवढीच अट आहे. जर्मनीच्या चेसबेस कंपनीनं २०२१ च्या फेब्रुवारीत 'फॅट फ्रिट्झ २' सुमारे १०० युरोंना विकायला काढलं. आत स्टॉकफिश हे खुलं इंजिन होतं, न्यूरल नेटवर्क वेगळं बसवलेलं. स्टॉकफिशच्या मंडळींचा आक्षेप किमतीवर नव्हता. गिऱ्हाइकाला आपण काय घेतोय आणि आपले हक्क काय हे नीट सांगितलं नाही यावर होता. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी परवाना रद्द झाल्याचं सांगत म्युनिकमध्ये दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली: स्टॉकफिश असलेली उत्पादनं कंपनीनं एक वर्ष विकायची नाहीत आणि खुल्या सॉफ्टवेअरच्या अटी पाळल्या जातात का हे बघायला एक अधिकारी नेमायचा. खटल्याला जो खर्च आणि जी बदनामी आली ती टाळायला खोक्यावर चार ओळी पुरल्या असत्या.

स्टॉकफिश स्वतः उसनवारीवर उभं आहे, हे त्याचे टीकाकार आवर्जून सांगतात. सांगू द्यावं, कारण ते स्टॉकफिशच्याच फाइलींमध्ये लिहिलेलं आहे. नॉर्वेच्या टूर्ड रोमस्टाड यांच्या 'ग्लाउरुंग'वरून इटलीच्या मार्को कोस्ताल्बा यांनी २००८ मध्ये ते काढलं. आजही प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर परवान्याच्या ओळीत वर्ष २००४ पासूनचं आहे, कारण ग्लाउरुंगची सुरुवात तिथली. २०२० मध्ये त्यात आलेलं एनएनयूई हे नेटवर्क मुळात जपानच्या यू नासू यांचं. त्यांनी ते २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी मांडलं होतं. प्रशिक्षणाची माहिती लीला चेस झीरो या दुसऱ्या प्रकल्पाची, तिचाही परवाना सांगून वापरलेली. इतकं उसनं आणि तरी त्याला कुणी चोर म्हणत नाही.

भारतीय कायदा या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे, पण आपल्या अभ्यासक्रमात तो येतो तो पाठांतरापुरता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. कल्पनेवर मालकी नसते, मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं. पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या अल्गोरिदमला आणि प्रोग्रामला पेटंट देत नाही. आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक तरतूद अशी आहे की कायदेशीरपणे मिळवलेला प्रोग्राम चालवून, निरखून, तपासून त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वं शोधायला मुभा आहे. थोडक्यात, स्टॉकफिशचा कोड रात्रभर वाचा, त्यातली युक्ती समजून घ्या, फाईल बंद करा, आणि स्वतःची लिहा; यात काही बेकायदेशीर नाही. फाईल उघडी ठेवून व्हेरिएबलची नावं बदलत गेलात तर मात्र तुम्ही मांडणी उचलता आहात. नावं बदलल्यानं रचना बदलत नाही. कंपाइल झालेल्या प्रोग्राममध्ये ती नावं सहसा उरतही नाहीत.

उचललेल्या कोडचा व्यावहारिक तोटाही मोठा आहे, आणि तो शिकवताना सांगितला जात नाही. एखाद्या तंत्राला शेजारच्या तंत्रांचा आधार असतो. स्टॉकफिशमधून चाली कमी खोलीवर तपासण्याचं सूत्र उचललं आणि आपल्या इंजिनात चिकटवलं, तर ते सूत्र गृहीत धरतं की चालींचा क्रम चांगला लावलेला आहे. आपला क्रम कच्चा असेल तर चौथ्या-पाचव्या क्रमांकावर पडलेली जिंकणारी चालच उथळ तपासली जाते आणि इंजिन आधीपेक्षा वाईट खेळतं. 'नल मूव्ह' म्हणजे आपली चाल सोडून देऊन तरीही आपण वरचढ आहोत का हे बघण्याची युक्ती. नुसते राजे आणि प्यादी उरलेल्या अंतिम डावात ती चालवली तर घात होतो, कारण तिथं कित्येकदा चाल करावी लागणं हेच संकट असतं आणि युक्ती तेच संकट वगळते. मात किती चालींत आहे हा गुण हॅश टेबलमध्ये, म्हणजे आधी तपासलेल्या स्थितींच्या नोंदवहीत, ठेवताना आणि काढताना चालींच्या झाडाच्या मुळापासूनचं अंतर वजा-अधिक करावं लागतं. ते राहिलं की इंजिन मात दिसत असूनही ती देत नाही, नुसतं राजाभोवती फिरत बसतं. ज्यानं समजून लिहिलंय त्याला असा बिघाड एका संध्याकाळी सापडतो. उचललेल्याला तो सापडत नाही, कारण कोणती ओळ कशासाठी होती हेच माहीत नसतं.

स्वतः लिहायला कुठं सुरुवात करावी, हे अवघड नाही. आधी चाली काढणारा भाग, आणि तो आकड्यांनी तपासल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. सुरुवातीच्या स्थितीतून २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१ असे आकडे येत गेले पाहिजेत. मग 'किवीपीट' नावाची गुंतागुंतीची स्थिती: ४८, २,०३९, ९७,८६२, ४०,८५,६०३. सुरुवातीची स्थिती बरोबर आणि किवीपीट चूक आलं तर बहुतेक वेळा गोची किल्लेकोटाच्या हक्कांत असते: कोपऱ्यातला हत्ती मारला गेला तरी हक्क काढून घ्यायचा राहिलेला असतो. आणखी एक खोड आँ पासाँची. एकाच आडव्या रांगेत राजा, दोन प्यादी आणि पलीकडं शत्रूचा हत्ती असेल तर एका चालीत दोन्ही प्यादी रांगेतून जातात आणि राजा उघडा पडतो. प्यादं जखडलेलं आहे का हे नेहमीच्या पद्धतीनं तपासणाऱ्या कोडला हे दिसत नाही. या चुका ज्याच्या कोडच्या इतिहासात आहेत आणि दुरुस्तही झाल्या आहेत, त्याला 'तुम्हीच लिहिलंय ना' असं विचारायची गरज नाही.

मग सुधारणा मोजायच्या. इथं तर फसवणूक नकळत होते. नवं तंत्र घातलं, जुन्या आवृत्तीशी १०० डाव खेळवले, ५६-४४ आलं, की रिपोर्टमध्ये 'ताकद वाढली'. बरोबरीचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धरलं तर १,००० डावांनंतरसुद्धा इलो गुणांतली, म्हणजे खेळाची ताकद मोजणाऱ्या रेटिंगमधली, अनिश्चितता दोन्ही बाजूंना साधारण १७ राहते. १०० डावांत ती पन्नासच्या पुढं जाते, आणि ५६-४४ चा फरक तिच्यातच बुडतो. जाणकार ८ सेकंद अधिक प्रत्येक चालीला ०.०८ सेकंद अशा वेगवान डावांत, दोन्ही रंगांनी, वेगवेगळ्या सुरुवाती देऊन हजारो डाव खेळवतात आणि पुरावा पुरेसा झाला की थांबायचं ते एसपीआरटी या संख्याशास्त्रीय चाचणीवर सोपवतात. कॉलेजच्या लॅबमधले दहा संगणक रात्रभर चालू ठेवले तर हे जमतं. लाइट गेली नाही तर.

न्यूरल नेटवर्क आल्यापासून प्रश्न अधिक वाकडा झाला आहे, आणि इथं जुने नियम अपुरे पडतात. ७६८ इनपुट आणि २५६ न्यूरॉनचा एकच थर, एवढं लहान नेटवर्क घेतलं तरी पहिल्या थरातच १,९६,६०८ आकडे असतात. त्यातला कुठलाही एक आकडा असाच का, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे आधी म्हटलेली 'एकेक आकडा कुठून आला' ही कसोटी इथं जशीच्या तशी चालत नाही. ती आकड्यांवरून प्रशिक्षणाच्या माहितीवर न्यावी लागते. नेटवर्क ज्या कोट्यवधी स्थितींवर शिकलं त्या कुणी खेळल्या? त्यांना गुण कुणी दिले? शोधाचा कोड शंभर टक्के तुमचा, पण नेटवर्क स्टॉकफिशनं दिलेल्या गुणांवर शिकलेलं, तर डाव खेळताना निर्णय कुणाचा म्हणायचा? माझ्या मते कोड तुमचा आणि बुद्धी उसनी. त्यात लाज नाही, पण 'मौलिक इंजिन' हा शब्द तिथं बसत नाही. आपल्याच इंजिनानं स्वतःशी डाव खेळून, प्रत्येक चालीला ठरावीक संख्येइतक्या स्थिती तपासून बनवलेली माहिती वापरली तर तो शब्द बसतो. ताकद कमी येईल, वेळ कितीतरी पट लागेल. याउलट मत असणारेही आहेत: सगळेच खुल्या माहितीवर शिकतात, मग इथंच सोवळं का? त्यांचं म्हणणं मला स्पर्धेपुरतं पटतं, परीक्षेपुरतं पटत नाही. स्पर्धेत बलवान कोण ते बघायचं असतं आणि परीक्षेत कोणाला काय येतं ते.

एआयकडून कोड लिहून घेण्याचा प्रकारही याच खात्यात घालावा. तो कोड कुणाचा पाहून शिकलेला आहे हे त्याला सांगता येत नाही आणि घेणाऱ्यालाही. घ्यायचा तर घ्या, पण कोणता भाग तसा घेतला ते लिहा आणि त्याची चाचणी स्वतः लिहा.

आता टक्क्यांबद्दल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत. प्रबंधाच्या मजकुरासाठी ते ठीक असेल. त्याच सवयीनं कोडकडं बघितलं तर उलटंच घडतं: पॉलिग्लॉटचे ७८१ आकडे दोषी ठरतात आणि नावं बदललेलं स्टॉकफिश सुटतं. इंजिनांच्या जगातही टक्के मोजून बघितले गेले आहेत. डॉन डेली यांनी एक साधन बनवलं होतं. हजारो स्थिती प्रत्येक इंजिनाला थोडा थोडा वेळ दाखवायच्या आणि किती ठिकाणी दोघांनी तीच चाल निवडली ते मोजायचं. संशय घ्यायला ते उपयोगी आहे, निकाल द्यायला नाही. सगळेच एकाच मोठ्या इंजिनाच्या गुणांवर नेटवर्क शिकवू लागले की सगळ्यांच्याच चाली एकमेकींसारख्या होत जातात.

म्हणून कॉलेजांनी टक्के सोडून तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, प्रोजेक्टसोबत उसनवारीची एक फाईल: कल्पना कुणाची, कोड कुणाचा, आकडे कुणाचे, माहिती कुणाची, परवाना कोणता. एका पानात मावते. दुसरी, कोडचा इतिहास. सादरीकरणाच्या आदल्या रात्री एकाच फटक्यात सहा हजार ओळी टाकलेला इतिहास काय सांगतो हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. तयार प्रोजेक्ट बांधून देणाऱ्यांकडून आणलेलं काम इथंच उघडं पडतं. तिसरी आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची, तोंडी परीक्षेत समोर बसून बदल करून घेणं. नल मूव्ह बंद करा आणि ही प्याद्यांची स्थिती पुन्हा चालवा. किवीपीटवर चार खोलीचा आकडा काढून दाखवा. हॅश टेबलचा आकार निम्मा करा आणि काय बदलतं ते आधी सांगा, मग चालवा. दहा मिनिटं पुरतात. आणि इंजिनाच्या रेटिंगला मार्क ठेवू नयेत. ठेवले की मुलगा स्वतःचं १८०० चं इंजिन बाजूला सारून दुसऱ्याचं ३५०० चं आणणारच. त्याला दोष का द्या?

यावर शिक्षकांचा आक्षेप ऐकू येतो की परीक्षकांनाच एवढं येत नाही. खरं आहे. पण शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं तेव्हापासून या भागात बुद्धिबळ समजणारी माणसं कमी नाहीत, आणि कोल्हापुरात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारेही भरपूर आहेत. बाहेरचा एक परीक्षक बोलवायला फार खटपट लागत नाही.

ज्यांनी आधीच असा प्रोजेक्ट गिटहबवर टाकून ठेवलाय आणि आता नोकरीच्या अर्जात त्याची लिंक देतायत, त्यांनी तो घाबरून काढून टाकू नये. आधी कोणत्या फाइली कुठून आल्या ते शोधावं. जीपीएलचा भाग असेल तर पूर्ण प्रोजेक्टला तोच परवाना लावावा, मूळ लेखकांच्या कॉपीराइटच्या ओळी जिथून खोडल्या तिथं परत घालाव्यात, आपण काय बदललं आणि कधी ते तारखेसह लिहावं. क्राफ्टीसारख्या, स्पर्धेत वापरायला मनाई असलेल्या कोडचा भाग सापडला तर तो काढून तेवढा भाग पुन्हा लिहावा. स्टॉकफिशला लागू असलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदाच चूक करणाऱ्यासाठी सवलत आहे: मूळ लेखकाची नोटीस आल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केली तर गेलेला हक्क कायमचा परत मिळतो. नोटिशीची वाट न बघता केली तर उत्तमच.